सील शाबूत

१० फेब्रुवारी

मामा, नमस्कार.

जे घडलं ते क्रमाने लिहिते. चूक असेल तिथे दुरुस्त करा.

१. गुरुवार ५ फेब्रुवारी, दुपारी ३:४०. इमारतीच्या तळमजल्यावर मीटरच्या खोलीत आग. धूर तिन्ही मजल्यांवर.

२. ३:४३. तुम्ही आणि मामी मागच्या जिन्याने खाली निघालात. दाराशी टांगलेली आणीबाणीची लाल पिशवी तुम्ही उचललीत. इथपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे.

३. मामीचा रोजचा दम्याचा पंप पलंगाजवळच्या फळीवर राहिला.

४. ३:४६. समोरच्या दुकानाच्या पायरीवर मामी बसली. तिला दम लागला होता.

५. ३:४६ ते ३:५८. या बारा मिनिटांत तिला पंप मिळाला नाही. जादा पंप लाल पिशवीत होता. पिशवी तुमच्या मांडीवर होती.

६. याच बारा मिनिटांत तुम्ही मला सात वेळा फोन केलात. मी शिफ्टवर होते. कारखान्यात आत जाताना फोन कपाटात ठेवावा लागतो, हे तुम्हाला माहीत आहे.

७. ३:५८. दुसऱ्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी पिशवी कात्रीने कापली. पंप निघाला.

८. ४:१२. रुग्णवाहिका. मामी तीन दिवस दवाखान्यात.

९. पिशवी मी नंतर तपासली. डाव्या बाजूने चौदा सेंटिमीटर कापलेली. चेन बंद. चेनीवरचं सील, क्रमांक ४४१२, शाबूत.

नवव्या नोंदीचा अर्थ मला लागत नाही. चेन असताना पिशवी कापायची वेळ का आली? कापायचीच होती, तर तुमच्या उजव्या खिशात चाकू असतो. चाकू, सुतळी, पेन्सिल, शिट्टी. तुमचा खिसा मी लहानपणापासून पाठ केला आहे.

दवाखान्यात दोन दिवस आपण एकाच बाकावर बसलो होतो, तेव्हा मी हे विचारलं नाही. मामीची झोप मोडली असती. शिवाय तोंडी व्यवहार म्हणजे वाऱ्यावरची वरात, हे तुमचंच वाक्य आहे. म्हणून कागदावर विचारते.

माझ्याकडे कारखान्यात तीनशे बारा नग आहेत. आग विझवायची नळकांडी, श्वासाचे संच, प्रथमोपचाराच्या पेट्या. महिन्यातून एकदा प्रत्येक नग हातात घेऊन तपासते. लागेल त्या क्षणी न उघडणारा त्यात एकही नाही. घरी एकच नग ठेवला होता.

लेखी उत्तर द्यावं.

भाची


१५ फेब्रुवारी

चि. मापट्या, आशीर्वाद.

तुझा अहवाल पोचला. आवक नोंद केली. नऊच्या नऊ बाबी ताडून पाहिल्या, फरक नाही. चौतीस वर्षं स्टोअर सांभाळलं, पण इतका स्वच्छ अहवाल आमच्या साहेबालाही कधी जमला नाही. त्याच्या अहवालात आधी कारणं असायची आणि मग वस्तू सापडायच्या नाहीत.

नवव्या बाबीचं म्हणशील तर वय झालं, दुसरं काय. हात कापत होते. चेन हाताला लागेना. चाकूचं डोक्यातच आलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसलं. तू म्हणशील ते बरोबर. माझी चूक आहे, तशी नोंद कर, मी खाली सही करतो.

तुझी मामी आता बरी आहे. काल मला म्हणाली, "दोन घास कमी वाढा, मी काही आजारी नाही." म्हणजे नक्की बरी आहे. डॉक्टरांनी जिने कमी चढायला सांगितलंय. ते ऐकून ही बया आज शिंपीणबाईंकडे दोनदा खाली जाऊन आली. मी कारण विचारलं तर म्हणते, "जिना उतरायला कुठे मनाई आहे?"

शिंपीणबाईंनी पिशवी शिवून दिली. लाल दोरा संपला होता म्हणून काळा घातलाय. आता पिशवीला मिशी आल्यासारखी दिसते. मी दाराशी टांगली आहे. आतला माल तुझ्या कार्डाप्रमाणे भरला: टॉर्च, पाणी, दोन मास्क, चार दिवसांच्या गोळ्या, माझा जुना चष्मा, कागदांच्या प्रती, शिट्टी. पंप नवा आणला. कापलेल्या जागेतून हात घालून एकेक वस्तू आत सारली आणि मगच शिवायला दिली.

काळजी करू नकोस. वेळेवर जेवत जा. तू जेवणाची वेळ लिहून ठेवतेस आणि जेवत नाहीस, हे मला ठाऊक आहे.

मामा


१९ फेब्रुवारी

मामा, नमस्कार.

पत्र मिळालं.

चेन हाताला लागली नाही, असं तुम्ही लिहिता. चेनीला अंधारातही चमकणारी फीत मी बांधली होती आणि दुपारचे पावणेचार वाजले होते. हात कापत होते, असं लिहिता. त्याच हातांनी तुम्ही सात वेळा फोन लावलात. हे दोन्ही जुळत नाही. तुम्ही खोटं लिहिता आहात असं मी म्हणत नाही. तुम्हाला नेमकं आठवत नसेल, असं धरून चालते. ते जास्त काळजीचं आहे.

म्हणून मी एक ठरवलं आहे. शनिवार १४ मार्चला मी गाडी घेऊन येते आणि मामीला इकडे आणते. मला मिळालेली जागा तळमजल्यावर आहे. दोन खोल्या, जिना नाही, दवाखाना चालत सहा मिनिटांवर. मी शिफ्टवर असताना शेजारच्या नर्सबाई लक्ष ठेवतील, त्यांच्याशी बोलून झालं आहे. तुम्हीही आलात तर जागा आहे. पण वाचनालयाची कपाटं लावायचं काम तुम्ही अर्ध्यावर सोडणार नाही, हेही मी धरून चालले आहे.

किती दिवस ते आत्ता लिहीत नाही. कारण ते थोडे नसतील.

हे रागाने लिहिलेलं नाही. माझ्या कामात एक साधा नियम आहे: जो नग चाचणीत नापास झाला, त्याच्या भरवशावर माणूस ठेवायचा नाही.

मामीचं सामान बांधून ठेवावं. यादी तुम्ही करालच.

भाची


२४ फेब्रुवारी

पोरी,

हे वाचनालयात गेलेत तेवढ्यात लिहिते. मला तुमच्यासारखे आकडे घालून लिहिता येत नाही. जसं आठवेल तसं लिहीन, तूच नंतर क्रम लाव.

तुझी दोन्ही पत्रं मी वाचली. यांनी दाखवली नाहीत. फाईल कुठे ठेवतात ते मला चाळीस वर्षं माहीत आहे. "नापास नग." वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि उगाच भांडी घासत बसले. ती घासलेलीच होती.

यांनी ते वाचलं आणि चष्मा पुसला. म्हणाले, "भाषा स्वच्छ आहे पोरीची." मग माझ्या सामानाची यादी करायला बसले.

आता त्या दिवशी इथे काय झालं ते ऐक. तिथे बसून उंटावरून शेळ्या हाकतेस, म्हणून सांगते.

मी पायरीवर बसले होते. छातीत कोणी बोळा कोंबल्यासारखं झालेलं. मी पिशवीकडे बोट केलं. यांना लगेच कळलं. यांनी चेनही धरली होती, फीतही धरली होती, हात अजिबात कापत नव्हते. सीलवर अंगठा ठेवला आणि थांबले. मला म्हणाले, "एक मिनिट हं. तिला विचारतो. लागतोय फोन."

लागला नाही. पुन्हा लावला. पुन्हा लावला. तुला वाटलं, मदतीसाठी फोन करत होते? मदतीसाठी नाही गं. सील तोडू का, एवढंच विचारायचं होतं.

तेवढ्यात शिंपीणबाई आल्या. गळ्यात कात्री तशीच लटकलेली, दंडावर टाचण्या. त्या ओरडल्या, "अहो काका, बाई निळी पडायला लागली आणि तुम्ही फोन कसले लावताय? उघडा ती पिशवी!"

"सील आहे."

"मग तोडा!"

"माझं नाही, तिचं आहे. तिने लिहून दिलंय. तिची परवानगी..."

"बरं. सील तिचं ना? मग त्याला हात लावू नका. कापड माझ्या अखत्यारीत येतं!" असं म्हणून त्यांनी कात्री काढली.

आणि तुला सांगते, यांनी पिशवी दोन्ही हातांनी ताणून धरली. कापताना कापड गोळा होऊ नये म्हणून. सुटल्यासारखा चेहरा झाला होता यांचा.

आता तू म्हणशील, कुठे लिहून दिलं होतं? तेही फाईलमध्ये आहे. कोपऱ्यात आवक क्रमांक, सतरा ऑगस्ट. वीज गेली होती तेव्हा यांनी पिशवीतला टॉर्च काढला होता आणि परत ठेवायचा राहिला. तू आलीस, पाहिलंस, काही बोलली नाहीस आणि तिकडे जाऊन पत्र पाठवलंस. त्यातलं जसंच्या तसं उतरवते:

"पिशवी म्हणजे घरातलं कपाट नव्हे. यापुढे ती सील करून ठेवली जाईल. मला विचारल्याशिवाय सील कोणीही तोडू नये. कोणत्याही कारणाने."

शेवटच्या दोन शब्दांखाली तू रेघ मारली आहेस. पट्टीने.

दवाखान्यात यांनी माझ्याकडून वचन घेतलं की हे तुला सांगायचं नाही. म्हणाले, "पोरीला कळलं तर जन्मभर पुरेल. माझ्या नावावर राहू दे. माझ्या नावावर काय, मी सेवानिवृत्त आहे." मी तेव्हा हो म्हटलं, नाकाला नळी होती. आता नळी नाही.

अजून एक. तू नऊ वर्षांची आमच्याकडे आलीस तेव्हा तुझ्याकडे एक निळी पिशवी होती. तोंड सुतळीने बांधलेलं, पाच गाठी. तू ती पलंगाखाली ठेवलीस आणि दोन वर्षं सोडली नाहीस. कधी परत निघायला सांगतील याचा नेम नाही, म्हणून तयार. मी एकदा म्हटलं, आत कपडे असतील, कुबट वास येईल, मी सोडते. हे माझ्यावर पहिल्यांदा आणि शेवटचे चिडले. "ज्याची गाठ त्याने सोडायची!" आणि दर एक तारखेला तुझ्यासमोर उकिडवे बसून विचारायचे, "काय स्टोअरकीपर, गाठी पाच आहेत ना?" तू पलंगाखाली वाकून मोजायचीस. "पाच." "माल शाबूत?" "शाबूत." यांना काय माहीत आत काय होतं? आजही माहीत नाही. मग एके दिवशी तूच सोडलीस आणि कपडे कपाटात लावलेस. त्या दिवशी हे माझ्यासमोर रडले, तुझ्यासमोर नाही.

तर असा हा माणूस. दुसऱ्याची गाठ सोडत नाही. हे तुझ्याइतकं चांगलं कोणाला ठाऊक असायला हवं?

दवाखान्यातून आल्यापासून खिशात चाकू ठेवत नाहीत. सुतळी, पेन्सिल, शिट्टी ठेवतात. चाकू कपाटात.

तुझ्याकडे यायला मी नाही म्हणत नाही. तुझ्या घराला जिना नाही, आणि मलाही दम लागलेला आवडतो असं नाही. पण खोट्या कारणावर मी माझं घर सोडणार नाही. आता तुझं तू बघ.

मामी


२७ फेब्रुवारी

चि. मापट्या, आशीर्वाद.

मामीचं सामान बांधून झालं. नग तेवीस. यादी सोबत जोडली आहे, दोन प्रतींत, एक सही करून परत पाठव. साड्या घडीप्रमाणे नाही, नेसायच्या क्रमाने लावल्या आहेत, म्हणजे तिला उपसाउपस करावी लागणार नाही. औषधांचा डबा सगळ्यात वर. चष्म्याची काडी सैल आहे, तिला सांगू नकोस, गुपचूप बसवून घे. सांगितलंस की नवा नको म्हणून भांडेल.

पंप दोन दिले आहेत. एक विचारायचं होतं. एका पंपात दोनशे दाब असतात. किती उरले ते या जातीच्या पंपावर दिसत नाही, हलवून पाहिलं तरी कळत नाही. म्हणून मी पलंगाजवळच्या फळीच्या आतल्या बाजूला पेन्सिलने रेघा मारतो, पाच-पाचच्या जुड्या करून. एकशे ऐंशी झाले की नवा आणायचा. गेली सहा वर्षं एकदाही पंप रिकामा सापडलेला नाही. तुझ्याकडे भिंतीवर रेघा मारलेल्या चालतील का? घर कारखान्याचं आहे, म्हणून विचारतो. चालत नसेल तर एक फळकुट तयार करून देतो.

बाकी सर्व ठीक. मी वाचनालयातच जेवून घेत जाईन.

मामा


१ मार्च

मामा,

मामीचं पत्र आलं. तिच्यावर रागावू नका. तिने वचन मोडलं ते माझ्यासाठी मोडलं.

माझ्या १० तारखेच्या अहवालात एक नोंद राहिली होती. ती सगळ्यांच्या आधी येते, म्हणून तिला शून्य क्रमांक देते.

०. १७ ऑगस्ट. भाचीने लेखी सूचना दिली की सील कोणत्याही कारणाने तोडू नये. ५ फेब्रुवारीला या सूचनेचं तंतोतंत पालन झालं.

ही सूचना मला आठवत नव्हती. मी अहवाल लिहिताना मिनिटं तपासली, कापाची लांबी पट्टीने मोजली, फोनमधली सात वेळांची नोंद पाहिली. माझीच जावक पत्रं तपासली नाहीत.

आता सीलबद्दल. आमच्या कामात सील मुद्दाम कच्चं बनवतात. काडीपेटीच्या काडीइतकं. लहान मुलाने अंगठ्याने दाबलं तरी तुटावं, म्हणून. ते चोरासाठी नसतं. हा नग तपासल्यावर कोणी हाताळलेला नाही, एवढंच त्यावरून कळतं. गरज लागली की ते पहिल्या क्षणी तुटायचं, त्याचं कामच ते. आमच्याकडे तुटलेलं सील सापडलं तर कोणालाही जाब विचारत नाहीत. नवं लावतात.

तुमच्या स्टोअरमध्ये सील लाखेचं असायचं आणि दोन सह्यांशिवाय तुटायचं नाही. एकदा सही करायला साहेब मिळाला नाही, म्हणून तुम्ही तीन तास गोदामाच्या दाराशी स्टुलावर बसून होतात. हे तुम्ही मला जेवताना सांगितलं होतं, मी दहा-अकरा वर्षांची असेन. मी खूप हसले होते. मला हे सगळं माहीत होतं. तरी चौतीस वर्षं सील राखलेल्या माणसाच्या हातात मी सील दिलं, आणि ते तोडण्यासाठी असतं हे सांगितलं नाही. वर लिहिलं, तोडू नका.

माफी कशी मागतात ते मला नीट जमत नाही. म्हणून दुरुस्त्या लिहिते. या पत्राला आवक क्रमांक द्यावा आणि ते १७ ऑगस्टच्या पत्राच्या वर लावावं.

१७ ऑगस्टची सूचना रद्द.

१९ फेब्रुवारीच्या पत्रातलं नापास नगाचं वाक्य रद्द. त्या चाचणीत जो नग नापास झाला त्याला मी ओळखते. तो १४ तारखेला येऊ इच्छितो.

मामीला इकडे आणण्याचा निर्णयही मागे घेते. तो मी तुम्हा दोघांना न विचारता घेतला होता. जिना आणि धूर हे प्रश्न तसेच आहेत, पण ते तिघांनी बसून बोलायचे. माझ्याकडे भिंतीवर रेघा चालतील. तुमच्या फळीवरच्या रेघा पाहायला मात्र मला तिकडेच यावं लागेल. सहा वर्षं मी त्या फळीजवळून गेले आणि कधी आत वाकून पाहिलं नाही.

सामान सोडून ठेवा. तेवीस नगांच्या यादीवर मी सही केलेली नाही, कोरी परत पाठवते आहे. मामीच्या चष्म्याची काडी मी तिथेच बसवीन, गुपचूप.

सोबत सहा सील आहेत, क्रमांक ४४१३ ते ४४१८. ती पिशवीसाठी नाहीत. जेवणघरातल्या खणाच्या कडीला एक लावा आणि अंगठ्याने तोडा. पहिलं तुम्ही. दुसरं मामीने. तिसरं शिंपीणबाईंनी, कात्री न वापरता. उरलेली तिन्ही पुन्हा तुम्ही, कारण सरावाची गरज तुम्हालाच आहे. तोडताना मला फोन करायचा नाही.

लाल पिशवीवर अजून ४४१२ आहे. काळ्या मिशीसकट. तेही तुम्हीच तोडायचं, शेवटी. आत एक नवं कार्ड घालायचं आहे, ते मी आणीन. त्यावर यादीच्या वर दोनच शब्द असतील: "उघडा. विचारू नका."

चाकू पुन्हा उजव्या खिशात ठेवावा. तुमचा खिसा मला चारही वस्तूंसकट पाठ आहे. त्यात बदल मान्य नाही.

निळ्या पिशवीत काय होतं ते तुम्ही कधी विचारलं नाही. दोन फ्रॉक, कंगवा, पाण्याची बाटली, बिस्किटांचा अर्धा पुडा आणि तुमचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी. तुमच्याच घरातून निघताना लागेल म्हणून तुमचाच पत्ता. ही माझी पहिली पिशवी, आणि तीही चुकीची भरली होती.

शनिवार १४ मार्चला मी गाडी न घेता, चार दिवसांसाठी येऊ का, ते कळवा. सातही सीलचे तुकडे पाकिटात घालून, तुमच्या होकार किंवा नकारासह, गुरुवार १२ मार्चपर्यंत माझ्याकडे पोचावेत.

तुमचं मापटं